गर्दीच्या काळातला माळवा

शासनाविना समाज चालेल काय, या प्रश्नाचा ऊहापोह पाश्चात्य तत्त्वज्ञांनी पुष्कळ केला असला, तरी माळव्याच्या मुलखाला ही परीक्षा एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, स्वतःची इच्छा नसताना, द्यावी लागली. शिंदे-होळकरांचा अंमल ढिला पडला, धार व देवास येथील पवारांच्या गाद्या नाममात्र उरल्या, पेंढाऱ्यांनी गावेच्या गावे उजाड केली, आणि रयतेने त्या दिवसांना ‘गर्दी का वक्त’ असे नाव दिले. सरकार गेले म्हणजे कर गेला, असे मात्र झाले नाही. गिरासिये, म्हणजे जमिनी गमावलेले रजपूत सरदार, गाव न लुटण्याचा मोबदला म्हणून, ‘तनखा’ वसूल करीतच राहिले.

तथापि या अंधाधुंदीची दुसरी बाजू अधिक विचारार्ह आहे. इंग्रज व होळकर यांच्यातील १८१८ च्या मंदसोर तहानंतर परागंदा कुळे परतू लागली, तेव्हा कित्येक ठिकाणी पाटीलकीचा वारस असलेले तान्हे मूल मिरवणुकीच्या अग्रभागी होते, आणि ज्याचे शेत त्याने, ज्याची पडकी भिंत त्याने, तंट्यावाचून ताब्यात घेतली, असे माळव्यातील इंग्रज अधिकारी सर जॉन मॅल्कम याने १८२३ च्या आपल्या ग्रंथात नमूद केले आहे. वतनाची ही स्मृती कोणत्याही दफ्तराहून टिकाऊ ठरली खरी. परंतु कुळे परतली ती बंदोबस्त झाल्यावरच, हेही विसरता येत नाही. गिरासियांचा तनखा तर मॅल्कमच्या मध्यस्थीने, ठरीव रकमेत, इंग्रज सरकारच्या हमीवर पुढे चालू राहिला.