गाडीच्या आतले रंगकाम : कमाई रंगात नाही, तयारीत आहे

मोटारीला बाहेरून ओरखडा पडला की मालक लगेच गॅरेज गाठतो. आतली अवस्था मात्र वर्षानुवर्षे तशीच राहते. दाराच्या हँडलाचा रंग घासून उडतो, एसीच्या जाळ्यांवर चरे उठतात, गिअरभोवतीच्या चौकटीचा चंदेरी मुलामा सुटू लागतो. गाडी विकायला काढली की गिऱ्हाईक दार उघडून प्रथम हेच पाहते. म्हणूनच जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांना आतले प्लास्टिकचे भाग नीट रंगवून देणारा भरवशाचा कारागीर हवा असतो.

मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड असो की पुण्याची नाना पेठ, गाड्यांच्या सुट्या भागांच्या आणि दुरुस्तीच्या धंद्यात आपले अनेक बांधव आहेत. त्यांना हे काम थोड्या भांडवलात करता येण्याजोगे आहे. छोटा कॉम्प्रेसर, लहान गन आणि धूळ नसलेली हवेशीर जागा एवढ्यावर सुरुवात होते. परंतु या कामाची बदनामीही पुष्कळ झाली आहे. महिन्याभरात रंग नखाने निघतो, गिऱ्हाईक परत येते आणि कारागिराचे नाव जाते. आमच्या मते अशा वेळी दोष बहुधा रंगाचा नसतो, रंगाआधीच्या तयारीचा असतो.

प्लास्टिक ओळखा

भाग खोलल्यावर प्रथम त्याची उलटी बाजू पाहावी. तेथे इंग्रजी अक्षरांत प्लास्टिकची जात ठसवलेली असते. एबीएस असेल तर रंग सहसा चांगला धरतो. पीपी, म्हणजे पॉलिप्रॉपिलिन असेल, तर साधा रंग त्यावर टिकत नाही. त्यासाठी प्लास्टिकचे खास अस्तर, ज्याला बाजारात 'प्लास्टिक प्राइमर' म्हणतात, ते आधी मारावेच लागते. ठसा नसेल तर मागचा छोटा तुकडा पाण्यात टाकून पाहावा. शुद्ध पीपी तरंगते, एबीएस बुडते. मात्र भुकटी मिसळलेले पीपीही बुडू शकते. म्हणून शंका असेल तेथे अस्तर मारणेच शहाणपणाचे.

धुणे आणि घासणे

डॅशबोर्ड चमकवण्याच्या पॉलिशमध्ये सिलिकॉन असते. ते राहिले तर रंग ठिकठिकाणी फाटून माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. त्यावर आधी पेपर मारला तर ते चऱ्यांत अधिकच बसते. म्हणून क्रम चुकवू नये : प्रथम साबणाचे कोमट पाणी व ब्रश, मग तेलकटपणा काढणारे द्रावण, आणि त्यानंतरच घासकाम. द्रावण एका फडक्याने लावावे व सुकण्यापूर्वी दुसऱ्या कोऱ्या फडक्याने पुसावे. एबीएसवर कडक एनसी थिनर चोळू नये. प्लास्टिक मऊ पडते, पुढे बारीक तडे जातात.

गुळगुळीत भागाला ३२० ते ४०० नंबरचा पेपर आणि अस्तरानंतर ६०० नंबरचा पाण्याचा पेपर पुरतो. दाणेदार भागावर पेपर मारू नये, दाणा मरतो. तेथे घासणीचे पॅड व साबणपाणी वापरावे. काही गाड्यांचे मऊ स्पर्शाचे आवरण दमट हवेत काही वर्षांनी चिकट होते. ते आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूर्ण उतरवावे. त्यावरच रंग मारला तर तोही चिकटच राहतो.

पातळ हात

रंग गाडीत बसून मारू नये, भाग सोडवून मारावा. क्लिपा जपून काढाव्यात व सोडवण्यापूर्वी मोबाइलवर फोटो घ्यावा. अस्तर आणि रंग यांचे दोन-तीन पातळ हात द्यावेत. दोन हातांत डब्यावर लिहिलेली वेळ जाऊ द्यावी, ती बहुधा १० ते १५ मिनिटांची असते. जाड हाताने दाणा बुजतो आणि ओघळ येतात. बंद गाडीचा डॅशबोर्ड उन्हात ७० अंशांच्या आसपास तापतो, तेव्हा अर्धवट सुकलेला रंग हमखास फुगतो. डॅशबोर्डच्या वरच्या भागाला चकाकी देऊ नये. तिचे प्रतिबिंब समोरच्या काचेवर पडून चालकास त्रास होतो.

रंग तासाभरात हाताला कोरडा लागतो, पण पुरता कडक व्हायला आठवडाही जातो. आठवड्यानंतर भागाच्या मागे, त्याच पद्धतीने रंगवलेल्या जागी, ब्लेडने बारीक चौकटी आखून त्यावर टेप चिकटवावी व झटक्याने ओढावी. चौकटी टेपवर आल्या तर तो भाग गिऱ्हाइकाच्या हाती देऊ नये.

येथे रंग नको

भारतात नव्या मोटारींना चालकाची एअरबॅग १ जुलै २०१९ पासून बंधनकारक आहे. शेजारच्या आसनाची एअरबॅग नव्या मॉडेलांना १ एप्रिल २०२१ पासून व आधीच्या मॉडेलांना ३१ डिसेंबर २०२१ पासून आवश्यक झाली. एअरबॅगचे झाकण ठरलेल्या रेषेवरच फाटावे असे बनवलेले असते. रंगाच्या थराने ते ताठर होऊ शकते आणि फुटताना तुकडे उडू शकतात. स्टिअरिंगचा मधला भाग, डॅशबोर्डवरील एअरबॅगचे झाकण, पडद्याच्या एअरबॅगा असलेले खांब, पट्ट्यांची कुलुपे व पायपट्ट्या यांना गन लावू नये. गिऱ्हाईक कितीही आग्रह करो, येथे नकारच द्यावा. एअरबॅगचे कोणतेही जोडकाम त्या कामात तरबेज असलेल्या मिस्त्रीकडेच सोपवावे.

श्वास आणि हिशेब

हार्डनर मिसळलेल्या पीयू रंगात आयसोसायनेट असते. त्याची वाफ व फवारा श्वासात गेल्यास दमा जडतो, आणि एकदा जडला की तो धंदाच सोडावा लागतो. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा कागदी मास्क त्याला अडवत नाही. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क घेण्याची ऐपत नसेल, तर हार्डनरविना चालणारा किंवा पाण्यातला रंग निवडावा. तोही साध्या मास्कविना मारू नये. उस्तादाने स्वतः मास्क लावला तरच शागीर्द लावतो.

शेवटी भावाविषयी. बहुतेक कारागीर रंगाच्या डब्यावरून भाव सांगतात, धुणे आणि घासणे फुकट करतात. मग घाई होते आणि नेमकी तीच पायरी गाळली जाते. आमची सूचना अशी की पावतीवर दोन ओळी वेगळ्या लिहाव्यात : तयारीचे काम इतके, रंगाचे काम इतके. कोणते भाग रंगवणार नाही तेही त्यावर लिहावे. ज्या मेहनतीचा दाम पावतीवर लिहिला आहे ती मेहनत कारागीर टाळत नाही, आणि दोन पैसे जास्त का पडले हे गिऱ्हाइकालाही कळते.