संकेतस्थळ एक, रूपे अनेक

एकच संकेतस्थळ कार्यालयातील संगणकावर नीटनेटके दिसते. घरी मात्र त्यातील चौकटी एकमेकींवर चढतात. असे घडले, की दोष संगणकाला दिला जातो. वास्तविक संकेतस्थळ हे छापील पानासारखे तयार चित्र नसते. तो मजकूर आणि मांडणीच्या सूचनांचा संच असतो. त्या सूचना वाचून पान रेखाटण्याचे काम ब्राऊझरमधील ‘इंजिन’ करते. क्रोम व एजमध्ये ब्लिंक, फायरफॉक्समध्ये गेको, तर सफारीत वेबकिट हे इंजिन आहे. प्रत्येकाने सूचनेचा अर्थ वेगळा लावला, की पानही बदलते.

याचे गाजलेले उदाहरण विंडोजवरील इंटरनेट एक्स्प्लोररच्या पाचव्या आवृत्तीचे. चौकटीची रुंदी २०० पिक्सेल, दोन्ही बाजूंना १० पिक्सेल मोकळी जागा आणि ५ पिक्सेलची कडा असेल, तर प्रमाणित नियमानुसार ती एकूण २३० पिक्सेल जागा व्यापते. हा ब्राऊझर मात्र ती २०० पिक्सेलमध्येच बसवत असे. त्याच्या मापाने आखलेले तीन स्तंभांचे पान अन्यत्र ९० पिक्सेलने फुगे आणि तिसरा स्तंभ खाली घसरे.

मराठी वाचकांनी याहून मोठी गैरसोय सोसली. युनिकोड रुळण्यापूर्वी अनेक मराठी संकेतस्थळे स्वतंत्र फॉन्ट वापरत. इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये तो आपोआप उतरे; फायरफॉक्समध्ये बातमीऐवजी निरर्थक चिन्हे दिसत.

पुढे ब्राऊझर प्रमाणित नियमांकडे वळले. २००५ मधील ‘अ‍ॅसिड २’ या चाचणीत नियम पाळणाऱ्या ब्राऊझरमध्ये हसरा चेहरा उमटे. इंटरनेट एक्स्प्लोरर २०२२ मध्ये निवृत्त झाला. तरीही तपासणीची गरज संपलेली नाही. आयफोनवरील क्रोम वेबकिटवर चालत आले आहे. त्यामुळे संगणकावरील क्रोममध्ये पान पाहून आयफोनची खात्री देता येत नाही.

म्हणूनच आपले वाचक कोणते ब्राऊझर वापरतात हे आधी पाहून, त्या प्रत्येकात लहान-मोठ्या पडद्यांवर पान उघडावे लागते. वेलांट्या व मात्रा कापल्या जात नाहीत ना, जोडाक्षरे तुटत नाहीत ना, अर्ज खरोखर दाखल होतो ना, हे तपासावे लागते. इतकी उपकरणे बाळगणे सर्वांना शक्य नसते. ती दूरस्थपणे वापरू देणारी ‘ब्राऊझरस्टॅक’ ही कंपनी २०११ मध्ये मुंबईतच सुरू झाली.

रंग किंचित बदलला तर कोणाचे अडत नाही. परंतु परीक्षेच्या अर्जावरील ‘सादर करा’ हे बटण एखाद्या फोनवर दिसलेच नाही, तर विद्यार्थ्याची मुदत हुकते. तपासणीचे मोल तेथे कळते.