प्रोग्रॅमरचें लेखन व कॉपीराइटचा कायदा

मागील पालकसभेच्या दिवशीं एका गृहस्थांनीं मला एकीकडे बोलावून विचारलें, “सर, मुलासाठीं घरीं कॉम्प्युटर घेतला आहे. ओळखीचा एक मनुष्य महागाचे प्रोग्रॅम फुकट घालून देतों म्हणतो. दुसऱ्याची सायकल नेली तर त्याला पायीं चालावें लागतें. परंतु येथें नक्कल केली तरी मूळ प्रत जागच्या जागींच राहते. मग ही चोरी कशी?” प्रश्न प्रामाणिक होता, उडवून लावण्यासारखा नव्हता. म्हणून, विद्यार्थिमित्रहो, त्याचें उत्तर येथें थोडें विस्तारानें देतों.

प्रोग्रॅम म्हणजे यंत्रास समजेल अशा भाषेंत लिहिलेला आज्ञांचा लेख होय. आपल्या शाळेचा एक माजी विद्यार्थी पुण्यास हें लेखन करून पोट भरतो. तो सांगतो कीं, दिवसाचा पुष्कळसा वेळ लिहिण्यांत नव्हे, तर दुसऱ्यांनीं लिहिलेलें वाचण्यांत व चूक शोधण्यांत जातो. एखादें स्वल्पविरामाएवढें चिन्ह चुकलें तरी सगळें काम अडतें, आणि दिवसभर डोकें शिणवावें तेव्हां संध्याकाळीं कधीं दहा-वीसच ओळी पदरांत पडतात. हे श्रम डोळ्यांस दिसत नाहींत, म्हणून ते फुकटचे वाटतात. नक्कल केल्यानें मूळ प्रत नाहींशी होत नाहीं हें खरें. नाहींसा होतो तो लिहिणाराचा मोबदला.

हें ओळखूनच कायद्यानें प्रोग्रॅमास पुस्तकाच्या पंक्तीस बसविलें आहे. आपला कॉपीराइटचा कायदा १९५७ सालचा; १९८४ सालच्या दुरुस्तीनें ‘साहित्यकृति’ या संज्ञेंत संगणकाच्या प्रोग्रॅमांचा समावेश झाला. लेखकाच्या हयातींत व त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षें साहित्यकृतीवरील हक्क टिकतो. नंतर ती सर्वांची होते. प्रत चोरीची आहे हें ठाऊक असूनही जो ती कॉम्प्युटरवर वापरतो, तोही १९९४ सालच्या दुरुस्तीप्रमाणें शिक्षेस पात्र ठरतो. मात्र रीतसर घेतलेला प्रोग्रॅम बिघडल्यास उपयोगी पडावी म्हणून जादा प्रत काढून ठेवण्याची मुभा आहे.

परंतु कायदा कल्पनेवर कोणाची मालकी मानीत नाहीं. ती मानतो शब्दरचनेवर. पावसाळ्यावर वर्गांतील चाळीस मुलें निबंध लिहितात. पावसाळा सर्वांचा, वाक्यें मात्र ज्याचीं त्याचीं. प्रोग्रॅमांत ही सीमा ठरविणें कठीण जातें. गूगल कंपनीनें अँड्रॉइड तयार करितांना जावा या संगणकभाषेंतील सुमारें ११,५०० ओळी जशाच्या तशा घेतल्या. जावाचे हक्क ओरॅकल कंपनीकडे होते. तिनें २०१० सालीं अमेरिकेंत फिर्याद केली. वाद दहा वर्षांहून अधिक काळ चालला. अखेर २०२१ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें सहा विरुद्ध दोन मतांनीं निकाल दिला कीं, त्या ओळींवर हक्क आहे असें धरून चाललें तरी, प्रोग्रॅमरांना परिचित असलेल्या आज्ञा नव्या कामीं लावतां याव्यात एवढ्यापुरतीच ही उचल असल्यामुळें ती न्याय्य आहे. थोर न्यायाधीशांतही जेथें मतभेद होतो, तेथें सामान्य माणसाचा गोंधळ उडाला तर नवल नाहीं.

आतां या प्रकरणाची दुसरी बाजू पाहूं. आपलें लेखन सर्वांस मोकळें असावें असें मानणारेही प्रोग्रॅमर आहेत. अमेरिकेंतील रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८३ सालीं ही चळवळ आरंभिली व १९८९ सालीं एक परवानापत्र तयार केलें. त्याचा आशय असा: हा प्रोग्रॅम घ्या, वाचा, बदला, वांटा, पण ज्याला द्याल त्यालाही मूळ लेखासह हीच मोकळीक द्या. फिनलंडमधील लिनस टॉरवल्ड्स या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं लिनक्स लिहिण्यास हात घातला व पुढील सालीं तें याच परवान्याखालीं जगास देऊन टाकलें. आज अँड्रॉइडच्या प्रत्येक फोनाच्या मुळाशीं लिनक्सच आहे. लक्षांत घ्या कीं, ही उदारताही कॉपीराइटच्याच आधारावर उभी आहे. हक्क लेखकाचा, म्हणूनच तो आपल्या अटींवर देऊं शकतो. दिलेलें घेणें निराळें आणि न दिलेलें उचलणें निराळें.

त्या गृहस्थांस मीं म्हटलें, “दहा आज्ञांपैकीं चोरीविषयींची आज्ञा वस्तु कमी झाली कीं नाहीं हें विचारीत नाहीं, ती आपली होती कीं नाहीं एवढेंच विचारते. शिवाय आपणांस चोरी करण्याची गरजच नाहीं. लिहिण्यासाठीं व हिशेबासाठीं लिबरऑफिस आहे. तें त्याच्या कर्त्यांनींच सर्वांना मोफत दिलें आहे. मुलाला तेंच घालून द्या, आणि तें फुकट कां मिळालें हेंही सांगा.”

पुढल्या महिन्यांत तो मुलगा मराठींत टाइप केलेला निबंध घेऊन आला. त्यांत शुद्धलेखनाच्या चुका बऱ्याच होत्या. पण वाक्यें त्याचीं स्वतःचीं होतीं, आणि ज्यावर तीं लिहिलीं तो प्रोग्रॅमही त्यानें कोणाचा चोरलेला नव्हता.