दृष्टीचे मोल आणि बाजारातील किंमत

आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, अशी आपल्याकडे म्हण आहे. देव प्रत्येक डोळ्याचा दाम वेगळा लावीत नाही, बाजार लावतो. १९ डिसेंबर २०१७ रोजी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ‘लक्सटर्ना’ या जनुकोपचारास मान्यता दिली आणि पुढच्याच महिन्यात त्याची किंमत जाहीर झाली. एका डोळ्यास ४ लाख २५ हजार डॉलर, दोन्ही डोळ्यांस साडेआठ लाख! त्या वेळच्या दराने ही रक्कम पाच कोटी रुपयांहून अधिक होते.

उपचाराची थोरवी वादातीत आहे. ‘आरपीई-६५’ हे जनुक आई व वडील या दोघांकडूनही सदोष आले, तर दृष्टिपटलातील प्रकाशग्राही पेशींना लागणारे द्रव्य शरीरात तयार होत नाही. मुलाला लहानपणापासूनच अंधुक दिसते आणि पुढे त्या पेशीही मरू लागतात. निरुपद्रवी विषाणूवर निर्दोष जनुक लादून ते अवघ्या ०.३ मिलिलिटर द्रवातून दृष्टिपटलाखाली सोडले जाते. फिलाडेल्फियातील जीन बेनेट व अल्बर्ट मॅग्वायर या दांपत्याने या संशोधनासाठी आयुष्याची उमेदीची वर्षे वेचली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत उपचार लाभलेल्यांपैकी १३ जण अगदी मंद प्रकाशात अडथळ्यांची वाट पार करू शकले. उपचार न मिळालेल्यांपैकी एकालाही ते साधले नाही.

किंमत ठरते कशी?

उत्पादकांचा युक्तिवाद असा, की अमेरिकेत या दोषाचे रुग्ण जेमतेम एक-दोन हजार. तेव्हा संशोधनाचा खर्च थोड्यांकडूनच वसूल होणार. यात तथ्य नाही असे नाही. परंतु आरंभीच्या संशोधनास सरकारी अनुदानाचाही आधार होता. विरळ आजारांवरील औषधांना १९८३ च्या कायद्याने सात वर्षांचा एकाधिकार व करसवलत मिळते. शिवाय बक्षीस म्हणून मिळालेला ‘अग्रक्रमाने परीक्षणा’चा परवाना स्पार्क या उत्पादक कंपनीने २०१८ मध्ये ११ कोटी डॉलरांना विकला. धोका समाजानेही पत्करला. किंमत मात्र एकट्या विक्रेत्याने ठरविली.

आणि ग्राहक कोण? ज्याला दुसरा पर्याय नाही आणि ज्याला थांबताही येत नाही असा. जिवंत पेशी शिल्लक आहेत तोवरच या उपचाराचा उपयोग. घासाघीस करण्यात गेलेले प्रत्येक वर्ष मुलाच्या दृष्टीतून वजा होते. अशा व्यवहारास ‘मागणी आणि पुरवठा’ हे पाठ्यपुस्तकी नाव देणे म्हणजे शब्दांचा दुरुपयोग होय. गुण न आल्यास काही रक्कम परत करण्याची तयारी कंपनीने दाखविली, हे स्वागतार्ह. पण त्याने मूळ किंमत कमी होत नाही.

एक विक्रेता, एक ग्राहक

ब्रिटनने निराळा मार्ग चोखाळला. तेथे छापील किंमत दोन्ही डोळ्यांस ६ लाख १३ हजार पौंडांवर होती. पण राष्ट्रीय आरोग्य सेवेने साऱ्या देशाच्या वतीने बोलणी केली, २०१९ मध्ये गोपनीय सवलत मिळविली आणि उपचार उपलब्ध करून दिला. विक्रेता एकच असेल, तर ग्राहकांनीही एकच होऊन समोर उभे राहावे, हा त्यातील धडा आहे.

आपल्या विरळ आजारविषयक धोरणात २०२२ पासून यादीतील आजारांसाठी प्रत्येक रुग्णास कमाल ५० लाखांचे साहाय्य मिळू शकते. अमेरिकेतील किंमतीपुढे हा आकडा दशांशही नव्हे. म्हणून केवळ मदतीची मर्यादा वाढविण्याची मागणी करणे अपुरे आहे. वाढीव मदत शेवटी विक्रेत्याच्याच पदरात पडते. उद्या असे उपचार आणखी येतील. त्या वेळी लोकवर्गणीची झोळी घेऊन फिरणारा बाप बाजारात एकटा उभा राहणार, की त्याच्या वतीने शासन किंमतीची बोलणी करणार? या प्रश्नाचे उत्तर प्रयोगशाळेत मिळणार नाही. ते नागरिकांनीच मागून घेतले पाहिजे.