गरोदरपणातील अति उलट्या : औषधाला भिऊ नका, दुखणे अंगावर काढू नका

सुनेला दिवस गेले की घरात आनंद होतो. थोड्याच दिवसांत तिला मळमळू लागते, सकाळी उठल्याबरोबर उमासे येतात, फोडणीचा वास नकोसा होतो. घरातील वडीलधाऱ्या बायका एकमेकींकडे बघून हसतात आणि ‘डोहाळे लागले’ म्हणतात. बहुतेक घरांत ही गोष्ट इथेच संपते. चौथ्या-पाचव्या महिन्यात पोरगी पोटभर जेवू लागते आणि पुढे सारे सुरळीत होते.

परंतु काही जणींच्या बाबतीत तसे होत नाही. दिवसातून दहा-दहा, पंधरा-पंधरा वेळा उलटी होते. भाकरी तर राहोच, घोटभर पाणीही पोटात ठरत नाही. डोळे खोल जातात, ओठ सुकतात, उठून उभे राहिले की घेरी येते. तरीही घरातील माणसे म्हणतात, “डोहाळे कडक आहेत हिचे. सगळ्यांनाच होतं, आम्हाला काय झालं नव्हतं का?” या एका वाक्यापायी आपल्याकडील कित्येक मुलींचे हाल झाले आहेत. म्हणून या विषयावर मोकळेपणाने बोलण्याची गरज आहे.

आमचे कोडोली हे पन्हाळा तालुक्यातील मोठे गाव. भोवती वारणेच्या पाण्यावरचा ऊस, शेजारी वारणानगरचा साखर कारखाना. वस्तीतील पुष्कळ बायका भांगलणीला, ऊस लावणीला रोजगाराने जातात. एक दिवस घरी बसले तर त्या दिवसाची मजुरी बुडते. त्यामुळे पहिल्या तीन महिन्यांतील दुखणे बाई कोणाला सांगत नाही. बांधावर जाऊन ओकते, चूळ भरते आणि पुन्हा खुरपे हातात घेते.

काही वर्षांपूर्वी आमच्याच वस्तीतील एका बावीस वर्षांच्या सुनेचे वजन तीन आठवड्यांत ४६ किलोवरून ४२ किलोवर आले. घरच्यांनी आले-लिंबू दिले, शेजारणीने अंगारा आणला, एका खासगी दवाखान्यात दोनदा सलाईन लावून घरी पाठवले. लघवी तपासायला कोणी सांगितले नाही. शेवटी आशाताई घरी आल्या. लघवी चहासारखी होते आणि दिवसातून एकदाच होते हे त्यांनी विचारून घेतले व तिला सरकारी रुग्णालयात नेले. चार दिवस ती दाखल होती. पुढे गोळ्या सुरू राहिल्या आणि पाचव्या महिन्यात ती जेवू लागली. आज तिची मुलगी अंगणवाडीत जाते.

साधी मळमळ कोणती आणि आजार कोणता?

गरोदर स्त्रियांपैकी शेकडा सत्तर ते ऐंशी जणींना कमी-अधिक मळमळ किंवा उलटी होते. ती साधारण चौथ्या ते सातव्या आठवड्यात सुरू होते, नवव्या-दहाव्या आठवड्यात वाढते आणि बहुतेकींची सोळा ते वीस आठवड्यांपर्यंत थांबते. शंभरात फार तर तीन जणींना मात्र तिचे उग्र रूप भोगावे लागते. डॉक्टर त्याला ‘हायपरएमेसिस ग्रॅव्हिडेरम’ म्हणतात. नाव अवघड आहे, पण खूण सोपी आहे. खाल्लेले-प्यालेले ठरत नाही, रोजची कामे होत नाहीत आणि वजन उतरते.

मी डॉक्टर नाही, कारकुनी करणारा माणूस आहे. हिशोबाची सवय असल्याने घरोघर एकच गोष्ट सांगत असतो : एक वही घाला. दिवस राहण्यापूर्वीच्या वजनातून शेकडा पाच वजा गेले की धोका समजावा. म्हणजे ४० किलोच्या बाईचे २ किलो, ५० किलोच्या बाईचे अडीच किलो. पोटात किती गेले, उलट्या किती झाल्या आणि लघवी किती वेळा झाली, हा जमाखर्च रोज लिहावा. ती वही डॉक्टरांपुढे ठेवली म्हणजे ‘फार उलट्या होतात’ एवढे सांगण्यापेक्षा जास्त उपयोग होतो.

हे नाजूकपणाचे लक्षण नव्हे

‘हल्लीच्या पोरी नाजूक’, ‘मनाचे खेळ आहेत’, ‘कामाला नको म्हणून सोंग करते’ असे बोल या मुलींना ऐकावे लागतात. एके काळी डॉक्टर मंडळीही याला मनाचा आजार समजत. आता खरे कारण पुढे आले आहे. वार म्हणजे गर्भाची नाळ जिथे जोडलेली असते तो भाग. त्यातून व गर्भातून ‘जीडीएफ-१५’ नावाचे संप्रेरक आईच्या रक्तात उतरते आणि मेंदूतील मळमळीचे केंद्र चेतवते. गरोदरपणापूर्वी ज्या स्त्रीच्या रक्तात ते कमी असते, तिला त्याची सवय नसते. म्हणून तिला त्रास अधिक होतो. हे संशोधन २०२३ च्या डिसेंबरमध्ये प्रसिद्ध झाले. त्यात पुढाकार घेणाऱ्या अमेरिकेतील शास्त्रज्ञ मार्लेना फेझो यांनी स्वतः हा आजार भोगला होता आणि त्यात त्यांचे मूल गेले होते.

२०१२ साली इंग्लंडच्या राजघराण्यातील सून केट यांना याच आजारासाठी रुग्णालयात दाखल करावे लागले होते. राजवाड्यातील बाईला होतो आणि भांगलणीला जाणाऱ्या बाईलाही होतो, असा हा आजार आहे. तो बाहेरची बाधा नव्हे आणि दृष्टही नव्हे. उलट्या जास्त म्हणजे मुलगा किंवा मुलगी, बाळाला केस जास्त, असले अंदाजही सोडून द्यावेत.

औषधाची भीती कुठून आली?

“पोटुशी बाईने गोळ्या खाल्ल्या तर मूल व्यंग होते,” हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे. या भीतीमागे एक खरी घटना आहे. १९५७ साली जर्मनीत ‘थॅलिडोमाइड’ नावाचे औषध बाजारात आले. झोपेसाठी आणि गरोदरपणाच्या मळमळीवर ते अनेक देशांत दिले गेले. गर्भावर त्याचा काय परिणाम होतो, हे नीट तपासलेच नव्हते. जगभरात दहा हजारांच्या आसपास मुले हातपाय आखूड किंवा अर्धवट घेऊन जन्माला आली. १९६१ च्या अखेरीस जर्मनीत ते मागे घेण्यात आले. अमेरिकेत औषध खात्यातील डॉक्टर फ्रान्सिस केल्सी यांनी पुरावा मागितला आणि तो मिळेपर्यंत परवानगी अडवून धरली, म्हणून तेथील बहुसंख्य मुले वाचली. त्यानंतर औषधे तपासण्याचे नियम जगभर कडक झाले.

मात्र आज गरोदरपणाच्या उलट्यांवर प्रथम दिली जाणारी गोळी ती नव्हे. या गोळीत डॉक्सिलामाइन आणि पायरिडॉक्सिन म्हणजे जीवनसत्त्व बी-६ असते. अमेरिकेत ही औषधे १९५६ पासून एकत्र दिली जात होती आणि कोट्यवधी गरोदर स्त्रियांनी ती घेतली. थॅलिडोमाइडच्या धसक्याने याही गोळीवर खटले झाले आणि खटल्यांच्या खर्चाला कंटाळून कंपनीने १९८३ साली ती बंद केली. गोळीमुळे व्यंग होते असा पुरावा निघाला नव्हता. गोळी बंद झाल्याने व्यंग असलेली बाळे कमी झाली नाहीत. उलट्यांसाठी रुग्णालयात दाखल होणाऱ्या बाया मात्र वाढल्या. २०१३ साली अमेरिकी सरकारने याच दोन औषधांच्या गोळीला पुन्हा मान्यता दिली. कोणतेही औषध मनाने घेऊ नये हे जितके खरे, तितकेच डॉक्टरांनी दिलेले औषध भीतीने उंबऱ्याबाहेर फेकू नये हेही खरे.

गोळी कशी घ्यावी?

आपल्याकडे वेगवेगळ्या कंपन्या ही गोळी वेगवेगळ्या नावांनी विकतात. काहींत फॉलिक ॲसिडही असते. नेहमीच्या गोळीत दोन्ही औषधे प्रत्येकी १० मिलिग्रॅम असतात, पण २० मिलिग्रॅमचीही गोळी मिळते. म्हणून पाकिटावरील आकडा वाचून घ्यावा, न कळल्यास औषध दुकानदाराकडून वाचून घ्यावा. १० मिलिग्रॅमच्या गोळीचा रिवाज असा : प्रथम रात्री झोपताना दोन, त्याने भागले नाही तर डॉक्टर सकाळी एक आणि दुपारी एक वाढवतात. दिवसाला चारच्या वर जात नाहीत.

ही गोळी चावू नये, कुटू नये, पाण्याबरोबर अख्खी गिळावी. ती सावकाश विरघळते, म्हणून रात्री घेतलेली सकाळी उपयोगी पडते. ‘उलटी झाली तर घेईन’ असे करू नये, रोज ठरल्या वेळी घ्यावी आणि बंद करताना डॉक्टरांना विचारून हळूहळू करावी. तिने गुंगी येते. त्या दिवसांत विळा-कोयता चालवणे, विहिरीच्या काठावर जाणे, दुचाकी चालवणे टाळावे. दमा किंवा काचबिंदू असल्यास आधी सांगावे.

या गोळीने भागले नाही तर पुढच्या पायऱ्या आहेत. प्रोमेथाझिन आहे. मेटोक्लोप्रमाइड आहे, परंतु ते पाच दिवसांच्या आत आटोपते घेतात. त्याने मान किंवा जबडा आखडला तर लगेच कळवावे. ऑन्डॅन्सेट्रॉनही आहे. पहिल्या तीन महिन्यांत ते घेतल्यास ओठ-टाळू दुभंगलेली बाळे दहा हजारांत सुमारे अकराऐवजी चौदा आढळली, म्हणजे वाढ फार थोडी आहे. ती समजून घेऊन, आईचा त्रास पाहून डॉक्टर निर्णय करतात. त्याने शौचास खडा होतो, तेही सांगून ठेवतो.

सलाईन लावताना एक गोष्ट विचारा

गावोगाव ‘ग्लुकोजची बाटली’ हा रामबाण उपाय समजला जातो. पण जी बाई दोन-तीन आठवडे उपाशी आहे, तिच्या शरीरातील जीवनसत्त्व बी-१ म्हणजे थायमिन संपत आलेले असते. तशा अवस्थेत थायमिन न देता ग्लुकोज चढवले तर मेंदूला इजा होण्याचा धोका असतो. बाई भ्रमिष्टासारखी बोलते, एकाचे दोन दिसतात, चालताना तोल जातो. म्हणून आधी थायमिन द्यायचे, आणि मिठाचे सलाईन व गरजेप्रमाणे पोटॅशियम द्यायचे, अशी पद्धत आहे. आपण नम्रपणे पण स्पष्ट विचारावे, “डॉक्टरसाहेब, बी-१ दिलंय का? लघवीतील कीटोन आणि रक्तातील क्षार तपासायचे का?” विचारण्यात कसलाही अपमान नाही.

सोनोग्राफीही करून घ्यावी. जुळे असेल किंवा द्राक्षगर्भ असेल तर उलट्या जास्त होतात.

या खुणा दिसल्या तर थांबू नका

- दिवस-रात्र उलटली तरी पाणी पोटात ठरत नाही.
- आठ तास लघवी नाही, किंवा झाली तर गर्द रंगाची व थोडी.
- उभे राहताच चक्कर, छातीत धडधड.
- उलटीत रक्त.
- ताप, पोटात दुखणे, लघवीला जळजळ, डोळे पिवळे.
- भ्रम, तोल जाणे, एकाचे दोन दिसणे.

पिवळ्या डोळ्यांना तर डोहाळे कधीच समजू नये. आपल्याच जिल्ह्यात इचलकरंजीला २०१२ साली दूषित पाण्यामुळे काविळीची साथ आली होती. पाण्यातून पसरणारी ‘ई’ जातीची कावीळ गरोदर बाईच्या जिवावर उठते. तसेच दहाव्या आठवड्यानंतर प्रथमच उलट्या सुरू झाल्या तर दुसरे कारण शोधावे लागते.

अशा वेळी १०८ ला फोन करावा. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम चालू आहे. त्यात सरकारी रुग्णालयात गरोदर स्त्रीला औषधे, तपासण्या, दाखल असतानाचा आहार आणि वाहन मोफत आहे. जवळच्या रुग्णालयात भागले नाही तर कोल्हापूरला सी.पी.आर. आहे.

घरच्यांनी काय करावे?

पहिले काम पुरुषांचे आहे. फोडणीच्या वासाने तिला उमासे येत असतील तर चूल काही आठवडे दुसऱ्याने सांभाळावी. नवऱ्याने भात टाकला, पाणी भरले म्हणून त्याची इज्जत जात नाही.

तिच्यापुढे भरले ताट ठेवू नये. उठण्यापूर्वी भाकरीचा कोरडा तुकडा किंवा मूठभर चुरमुरे द्यावेत. दर वीस-तीस मिनिटांनी दोन घोट पाणी, पेज, ताक किंवा मीठ-साखर-पाणी द्यावे. आल्याने साध्या मळमळीला उतार पडतो, उग्र आजाराला ते पुरत नाही. लोहाच्या गोळीने मळमळ वाढते. ती तीन महिन्यांनंतर सुरू करतात. फॉलिक ॲसिड मात्र चालू ठेवायचे असते. मळमळ दाबायला काही जणी मशेरी लावतात. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. ती बाळाचे वजन घटवते, म्हणून हातातून काढून घ्यावी.

आणि तिचे ऐकून घ्यावे. आठवडेच्या आठवडे ओकून थकलेली मुलगी कधी “नको हे मूल” असे बोलून जाते. तिला रागावू नका. ते दुखणे बोलत असते. डॉक्टरांना तेही सांगा.

विश्रांती हा हक्क आहे

१९२८ साली मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभाचे विधेयक आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूने बोलले. प्रसूतीपूर्वी आणि प्रसूतीनंतर आईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि तिचा भार सरकारनेही उचलावा, अशी त्यांची भूमिका होती. १९२९ मध्ये तो कायदा झाला. पुढे १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्याने गरोदरपणातील आजारासाठी एक महिन्याची ज्यादा पगारी रजा दिली. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्येही ती तरतूद ठेवली आहे. कारखान्यात, दुकानात, कार्यालयात नोकरी करणाऱ्या भगिनींनी डॉक्टरांचा दाखला जोडून ती मागावी. भांगलणीला जाणाऱ्या बाईला मात्र अशी रजा कोणी देत नाही. ती तिला घरच्यांनीच द्यायची आहे.

एका मजुरीच्या हिशोबात आपण बाईचे दुखणे झाकतो आणि नंतर दवाखान्याच्या खर्चात दहा दिवसांची मजुरी घालवतो. घरात कोणाला दिवस गेले असतील तर आजच तिचे वजन करून वहीत लिहून ठेवा. उद्या पाणी ठरले नाही तर ‘डोहाळे कडक आहेत’ म्हणून वाट बघू नका, आशाताईंना हाक मारा.