घोरण्याचं मशीन माळ्यावर टाकण्याआधी मास्क तपासा. नाकाचा मास्क निवडताना काय बघायचं?

पहाटे चारला गावोगावचे दूध गोळा करायला निघणारा एक टेम्पोचालक. वय ४८, मान आखूड, अंगाने भरलेला. रात्री घोरणे एवढे की शेजारच्या खोलीतली पोरे दार लावून झोपायची. घोरता घोरता मध्येच आवाज बंद व्हायचा, सगळे शांत, आणि मग एकदम हिसका देऊन श्वास सुरू. बायको घाबरून हलवायची, "अहो, कुशीवर व्हा!" संकलन केंद्रावर कॅन उतरेपर्यंत हा गडी स्टिअरिंगवर डोके टेकून झोपलेला असायचा. एके दिवशी टेम्पो रस्त्याकडेच्या चारीत गेला. जीव वाचला, पण त्यानंतर घरच्यांनी त्याला दवाखान्यात नेलेच.

जिल्ह्याच्या ठिकाणी झोपेची तपासणी झाली. तासाला ४० पेक्षा जास्त वेळा श्वास अडतो, असे निघाले. डॉक्टरांनी रात्री मशीन लावून झोपायला सांगितले. सोयाबीनचे पैसे आलेले होते, त्यातून मशीन घेतले. बाराव्या दिवशी ते पिशवीत बांधून माळ्यावर गेले. का, तर "मशीन काही वाईट नाही हो, पण ते नाकावरचं टोपण सहन होत नाही."

असे मशीन अनेक घरांत पडून आहे. मशीनला हजारो रुपये घालायचे आणि त्या मानाने स्वस्तातल्या मास्कपायी उपचारच सोडायचा, असे होते. खरे तर बहुतेक वेळा मशीन बदलावे लागत नाही, मास्क बदलावा लागतो.

घोरणे म्हणजे गाढ झोप नव्हे

माणूस मस्त घोरतोय म्हणजे गाढ झोपलाय, असा आपल्याकडे समज आहे. काही जणांच्या बाबतीत गोष्ट उलटी असते. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरकते आणि श्वासाची वाट बंद होते. दहा सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ श्वास अडतो, रक्तातला ऑक्सिजन खाली येतो, मेंदू दचकून जागा करतो आणि वाट पुन्हा उघडते. माणसाला सकाळी यातले काही आठवत नाही. फक्त डोके जड, तोंड कोरडे आणि दिवसभर पेंग. याला ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया म्हणतात. तासाला ५ ते १५ वेळा श्वास अडला तर सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३० च्या वर तीव्र, असे डॉक्टर धरतात. याच्यासोबत रक्तदाब, हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका वाढतो. गाडी चालवणाऱ्याला तर डुलकीचा धोका रोजचाच. संगीतकार बप्पी लहिरी यांचे फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबईत निधन झाले, तेव्हा त्यांनाही हाच विकार असल्याचे डॉक्टरांनी सांगितले होते.

यावर मोठा उपचार म्हणजे सीपॅप मशीन. हे ऑक्सिजनचे मशीन नाही, हा गैरसमज गावात फार आहे. ते खोलीतलीच हवा घेते आणि ठरलेल्या दाबाने नाकातून आत सोडते. त्या हवेच्या दाबाने घसा उघडा राहतो, जसा मोटर चालू असेपर्यंत पाण्याचा लपेटा पाईप फुगलेला राहतो. ऑस्ट्रेलियातील सिडनीचे डॉ. कॉलिन सुलिव्हान यांनी हा उपाय शोधला आणि १९८१ मध्ये प्रसिद्ध केला. तेव्हा मास्क रोज रात्री नाकाला चिकटवावा लागे. त्या मानाने आताचे मास्क म्हणजे चैन आहे. तरीही नाक प्रत्येकाचे वेगळे, म्हणून एकाला बसलेला मास्क दुसऱ्याला बसेलच असे नाही. भावकीत कुणाचा चांगला चालतो म्हणून त्याच नंबरचा मागवू नये.

तीन प्रकार, पण सुरुवात नाकापासून

पहिला प्रकार नेझल मास्क. हा फक्त नाक झाकतो, त्रिकोणी असतो. दुसरा नेझल पिलो, म्हणजे नाकपुड्यांच्या तोंडाशी बसणारी दोन छोटी मऊ बोंडे. तिसरा फुल फेस मास्क, जो नाक आणि तोंड दोन्ही झाकतो.

दुकानात गेल्यावर बरेच जण मोठा मास्क मागतात. मोठा म्हणजे भारी, असे वाटते. पण तोंड झाकणाऱ्या मास्कची कड लांब असते, त्यामुळे हवा निसटायला जागा जास्त. पट्टे आवळले की खालचा जबडा मागे ढकलला जाऊ शकतो आणि घसा उलट आवळतो. मग मशीनला जास्त दाब द्यावा लागतो. अमेरिकेतील झोपविकार तज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये दिलेल्या सूचनांतही आधी नाकाचाच मास्क किंवा पिलो वापरावा, असे सुचवले आहे. नाक सतत बंद असेल किंवा तोंड मिटतच नसेल, तर फुल फेस. तेही डॉक्टरांना विचारून.

झोपून बघा, मगच पैसे द्या

सगळ्यात मोठी चूक इथेच होते. मास्क दुकानात खुर्चीवर बसून, मशीन बंद असताना नाकाला लावून बघतात. बसला, घ्या. पण झोपल्यावर गाल आणि नाकाजवळची कातडी बाजूला सरकते, चेहऱ्याचा आकार बदलतो. वर हवेचा दाब आला की मास्क फुगून उचलला जातो. बसून घट्ट वाटणारा मास्क रात्री दोनला शिट्टी मारू लागतो.

म्हणून मशीन चालू करून, आपल्याला लिहून दिलेल्या दाबावर, आडवे पडून बघायचे. आधी उताणे, मग दोन्ही कुशींवर. दहा-पंधरा मिनिटे तरी. विक्रेता नाही म्हणत असेल तर दुसरा विक्रेता बघावा. चप्पल आपण चार पावले चालून घेतो, हे तर रोज सात तास तोंडावर राहणार आहे.

माप नाकाचे घ्यायचे, चेहऱ्याचे नाही. माणूस धिप्पाड म्हणून लार्ज घेतला, असे चालत नाही. नाकपुड्यांच्या दोन्ही बाजूंना कुशन अगदी लगत बसावे, पण नाकपुडी दाबली जाऊ नये. खालची कड वरच्या ओठाच्या वर राहिली पाहिजे, ओठावर नको. बहुतेक कंपन्या मापाचा कागदी साचा देतात, तो मागून घ्यावा. काही मास्कसोबत दोन-तीन मापांची कुशन एकाच खोक्यात येतात. थोडे जास्त पैसे गेले तरी लांबच्या गावच्या माणसाला ते परवडते, कारण माप चुकले तर पुन्हा एसटीने शहर गाठायला नको.

पट्ट्यांचे तर उलटेच असते. हवा निसटली की माणूस पट्टा आवळतो. आवळला की कुशन चेपते, त्याला घडी पडते, हवा आणखी निसटते. मग पुन्हा आवळायचा. सकाळी नाकाच्या दांडीवर लाल वण, आठवड्याने जखम. कुशन हवेने थोडे फुगून चेहऱ्याला बसते, अशीच त्याची रचना असते. त्यामुळे आधी पट्टे ढिले करून मशीन चालू करावे, मास्क हाताने किंचित पुढे ओढून सोडावा आणि मग दोन्ही बाजू सारख्या ओढत जेमतेम हवा थांबेल इतकेच घट्ट करावे. पट्ट्याखाली बोट सहज गेले पाहिजे. हवा डोळ्यांकडे येत असेल तर दुर्लक्ष करू नये, डोळे कोरडे पडून लाल होतात.

टेम्पोचालकाचे नेमके हेच झाले होते. मास्क लार्ज होता आणि आवळून आवळून नाकाच्या दांडीची साल निघाली होती. शिवाय त्याला भरघोस मिशी.

मिशी, चमकी आणि गोधडी

कंपनीच्या माहितीपत्रकात न सापडणाऱ्या काही गोष्टी आपल्याकडे महत्त्वाच्या आहेत. नेझल मास्कची खालची कड मिशीवर टेकते आणि केसांतून हवा निसटते. मिशी काढायला कोणी तयार होत नाही आणि त्याची गरजही नाही. मिशीवाल्यांना नेझल पिलो बऱ्याचदा बरा पडतो, कारण तो थेट नाकपुडीला टेकतो. मात्र डॉक्टरांनी लिहिलेला दाब जास्त असेल तर पिलोने नाकपुड्या हुळहुळतात, हे आधी विचारून घ्यावे.

बायकांनी चमकी किंवा नथ रात्री काढून ठेवावी. कुशन कापले जाते, नाकही दुखते. अंबाडा मागच्या पट्ट्याखाली आला की पट्टा वर सरकतो, त्यामुळे केस सैल वेणीत बांधावेत. तोंडाला क्रीम, व्हॅसलीन किंवा डोक्याचे तेल लागलेले असेल तर मास्क घसरतो आणि सिलिकॉन लवकर खराब होते. झोपण्याआधी साबणाने तोंड धुऊन कोरडे करावे.

थंडीत डोक्यावरून गोधडी घेऊन झोपायची सवय असेल तर ती मोडावी लागेल. मास्कवर बारीक छिद्रे असतात, त्यातून हवा फुसफुसत राहते. अनेकांना तो बिघाड वाटतो आणि ते छिद्रांवर चिकटपट्टी लावतात. असे कधीही करू नये. आपण सोडलेली खराब हवा त्याच छिद्रांतून बाहेर जाते.

रात्री तोंड उघडे राहिले तर नाकातून आलेली हवा तोंडातून निघून जाते आणि सकाळी घसा लाकडासारखा कोरडा असतो. आधी नाक का बंद आहे ते कान-नाक-घसा डॉक्टरांना दाखवावे. हनुवटीला बांधायचा पट्टाही मिळतो, काहींना त्याने फरक पडतो. तोंडाला टेप लावायचे व्हिडिओ मोबाईलवर फिरतात, त्यांच्या नादी लागू नये.

पेसमेकर असेल तर चुंबक नको

काही मास्कच्या क्लिपमध्ये चुंबक असतो. लावायला सोपा, अंधारातही चट्कन बसतो. पण पेसमेकर किंवा शरीरात धातूचे काही उपकरण असलेल्यांना तो धोक्याचा ठरू शकतो. २०२२ मध्ये फिलिप्स रेस्पिरोनिक्सने आणि २०२३ मध्ये रेसमेडने अशा मास्कबाबत इशारे दिले होते. शेजारी झोपणाऱ्याला पेसमेकर असेल तरी हाच विचार करावा. दुकानदार विचारेलच असे नाही, आपणच सांगावे.

लाईट गेली तर?

खेड्यात हा पहिला प्रश्न. मशीन बंद पडले तर नाकाच्या मास्कमध्ये माणूस तोंडाने श्वास घेऊ शकतो आणि बहुधा जागही येते. जाग आली की मास्क काढून ठेवावा. फुल फेस मास्कला त्यासाठी वेगळी झडप असते, तिच्यात कचरा अडकला नाही ना, हे बघावे. घरच्या इन्व्हर्टरवर मशीन चालते का, हे विक्रेत्याला मॉडेल सांगून विचारावे. हवा ओलसर करणारा ह्युमिडिफायर बंद ठेवला तर वीज बरीच कमी लागते. त्याच्या टाकीत बोअरचे पाणी घालू नये, क्षार साचतात. डिस्टिल्ड वॉटर वापरावे.

कुशन रोज सकाळी सौम्य साबण आणि कोमट पाण्याने धुऊन सावलीत वाळवायचे. उन्हात टाकू नये, डेटॉल किंवा स्पिरिटने पुसू नये. मळणीच्या दिवसांत घरात भुस्सा उडतो, तेव्हा मशीनचा फिल्टरही तपासावा. काही महिन्यांनी कुशन पिवळे आणि लिबलिबीत होते, मग कितीही आवळा, बसत नाही. तेव्हा अख्खा मास्क नाही, बऱ्याच मॉडेलचे नुसते कुशन मिळते. घेतानाच ते सुटे मिळते का, हे विचारलेले बरे. बहुतेक मशीनच्या नळीला कोणत्याही कंपनीचा मास्क बसतो, त्यामुळे "आमचाच घ्यावा लागेल" असे कोणी म्हणाले तर लगेच मान हलवू नये.

जुने मशीन स्वस्तात मिळतेय म्हणून घेणाऱ्यांनी मॉडेल तपासावे. आतल्या फोममुळे फिलिप्सने जून २०२१ मध्ये आपली बरीच मशीन परत मागवली होती. आणि दुसऱ्याने वापरलेला मास्क तर घेऊच नये.

पहिले काही दिवस मास्क दिवसा लावून टीव्हीसमोर अर्धा तास बसावे. आधी नुसता, मग हवा चालू करून. मशीनमध्ये रॅम्प नावाची सोय असते, तिने दाब हळूहळू वाढतो. गुदमरल्यासारखे वाटणारे बरेच जण याने सरावतात. मशीन रोज किती तास चालले, हवा किती निसटली, याची नोंद बहुतेक मशीनमध्ये राहते. तपासणीला जाताना ते कार्ड किंवा मोबाईलमधली माहिती डॉक्टरांना दाखवावी. नाकावर जखम झाली, तर आपल्या मनाने उपचार बंद करण्यापेक्षा फोन करून मास्क बदलून मागावा.

दुधाच्या टेम्पोवाल्याने दिवाळीनंतर मशीन माळ्यावरून काढले. विक्रेत्याकडे जाऊन बाकावर आडवा पडला आणि तीन मास्क लावून बघितले. मिशी शाबूत ठेवून मध्यम मापाचा पिलो घेतला. सुरुवातीला नाकपुड्या हुळहुळल्या, दोन रात्री झोपेत त्याने तो काढूनही टाकला. आता पाच-सहा तास राहतो. बायकोची तक्रार मात्र बदलली आहे. खोलीत एवढी शांतता असते की मध्येच जाग येते आणि मशीन चालू आहे ना, म्हणून ती कान देऊन ऐकत बसते.