‘मतैओतेस’ : एका वैफल्यवाचक ग्रीक शब्दाचा अर्थविचार

वैफल्य, निष्फळपणा या अर्थी ‘मतैओतेस’ हा शब्द ग्रीक कोशांत नोंदविलेला असला, तरी अभिजात ग्रीक वाङ्मयात तो शोधू जाणाऱ्याच्या हाती फारसे काही लागत नाही. ‘मतेन’ (उगाच, फुकट) हे क्रियाविशेषण व त्याच्याशी संबद्ध ‘मतैओस’ हे विशेषण शोकांतिकाकारांपासून प्लेटोपर्यंत आढळते. त्या विशेषणापासून साधलेले हे भाववाचक नाम मात्र रूढ झाले ते मुख्यतः हिब्रू धर्मग्रंथांच्या ग्रीक भाषांतरामुळे. शब्द ग्रीक, परंतु त्याला प्रतिष्ठा मिळाली ती परक्या भाषेतील एका शब्दाचा प्रतिनिधी म्हणून. या प्रतिनिधित्वात मूळ अर्थाचे काय झाले, हा खरा प्रश्न आहे.

या शब्दकुळाच्या मूळ धातूविषयी एकमत नाही. प्राचीन प्रयोग मात्र पुरेसे बोलके आहेत. ‘इलियड’च्या १६ व्या सर्गात जोडीबाहेरचा घोडा मारला जातो, तेव्हा ऑटोमेडोन त्याचा दोर तत्परतेने कापतो. त्याने दिरंगाई केली नाही, हे सांगताना याच कुळातील ‘मताओ’ हे क्रियापद येते. चुकणे, रेंगाळणे, प्रयत्न वाया जाणे असा त्याचा अर्थ. ‘ओडिसी’च्या १० व्या सर्गातील प्रयोग अधिक मार्मिक आहे. सोबत्यांनी वाऱ्यांची पिशवी सोडल्यामुळे ओडिस्यूसची जहाजे माघारी फेकली जातात, एओलस दुसऱ्यांदा साहाय्य नाकारतो, आणि वल्ही मारून थकलेल्या माणसांच्या संदर्भात ‘मतिए’ हा शब्द योजिला जातो. याचा अर्थ कोणी ‘मूर्खपणा’ करतात, तर कोणी ‘निष्फळ श्रम’. वस्तुतः येथे निवड करण्याची गरजच नाही, कारण त्या मूर्खपणामुळेच श्रम निष्फळ झाले आहेत. एस्किलसच्या नाटकांत ‘मतैओस’ला उद्दाम, पापी अशीही छटा येते. ग्रीक कल्पनेतील वैफल्य हे असे बहुधा दोषापासून अलग नसते. संस्कृताच्या अभ्यासकाला याचे नवल वाटू नये. निष्फळ या अर्थाचा ‘मोघ’ आणि बुद्धिभ्रमवाचक ‘मोह’ हे दोन्ही एकाच ‘मुह्’ धातूचे आहेत.

हिब्रू ‘हेबेल’ची जात निराळी आहे. त्याचा मूळ अर्थ श्वास, वाफ. ‘उपदेशक’ या ग्रंथात तो ३८ वेळा येतो आणि ग्रीक भाषांतरात तेथे ‘मतैओतेस’ आढळतो. आदाम-पुत्र आबेल याचे हिब्रू नावही हेच. त्याचे अल्पायुष्य त्या नावातच सूचित झाले आहे. ग्रीक भाषांतरात नाव केवळ ध्वनीने उतरले व सूचना लोपली. इ. स. २ ऱ्या शतकातील अक्विलाने ‘हेबेल’साठी वाफ या अर्थाचा शब्द योजिला होता. जेरोमने सुमारे ३८८-८९ मध्ये लिहिलेल्या भाष्यात या भेदाची नोंद घेतली. तरी त्याच्या लॅटिन भाषांतरात ‘वानितास’ म्हणजे पोकळपणा हाच शब्द राहिला.

भेद वाटतो तेवढा क्षुल्लक नाही. त्याच ग्रंथाच्या ९ व्या अध्यायात आपल्या ‘हेबेल’ आयुष्याचे सर्व दिवस प्रिय पत्नीसह आनंदाने घालवावेत, असा उपदेश आहे. आयुष्य निष्फळ असेल तर हा उपदेश उपरोधिक तरी ठरतो किंवा विसंगत तरी. ते वाफेसारखे क्षणिक असेल तर तो अगदी सरळ आहे.

तथापि ग्रीक भाषांतरकारास सर्वस्वी दोष देता येत नाही. यिर्मयाच्या २ ऱ्या अध्यायात मूर्तींनाच ‘हेबेल’ म्हटले असून त्यांच्यामागे जाणारेही तसेच झाले, असा शब्दश्लेष आहे. तेथे क्षणिकतेपेक्षा कवडीमोलपणाच अभिप्रेत आहे, आणि ‘मतैओस’ तेथे चपखल बसतो. ग्रीकमध्ये श्लेषही टिकतो. पुढे पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या ८ व्या अध्यायात समग्र सृष्टी ‘मतैओतेस’च्या अधीन झाल्याचे म्हटले, तेव्हा या दोन्ही परंपरा त्या शब्दात येऊन मिळाल्या होत्या. सृष्टी स्वेच्छेने अधीन झाली नाही, असे तो आवर्जून सांगतो. होमरच्या खलाशांचा दोष येथे सृष्टीकडे नाही. आणि लगेच पुढच्या वाक्यात ‘नाश’ हा शब्द येत असल्याने वाफेचा अर्थही दृष्टिआड करता येत नाही.

मराठी ‘उपदेशका’त या ठिकाणी ‘व्यर्थ’ हा शब्द रूढ आहे. ‘वि’ आणि ‘अर्थ’ यांपासून झालेला हा शब्द प्रयोजनाचा अभाव दाखवितो, म्हणून तो ग्रीकला जवळचा व हिब्रूला दूरचा. ९ व्या अध्यायापुरता ‘क्षणभंगुर’ अधिक शोभला असता. यिर्मयाच्या मूर्तींना मात्र तो लागू पडला नसता.